एन. राजम : गळ्याकडून गजाकडे

एन. राजम यांचं व्हायोलिन ‘गातं’, असं आपण सगळेच म्हणतो. दाद म्हणून ते ठीक आहे. पण गातं म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्यासाठी काय सोडावं लागतं, हे आज पाहू या.

राजम यांचा जन्म १९३८ चा. घर कर्नाटक संगीताचं. वडील ए. नारायण अय्यर हे पहिले गुरू, भाऊ टी. एन. कृष्णन हेही थोर व्हायोलिनवादक. म्हणजे हात घरीच तयार झालेला. पुढे त्या पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकल्या. आता बघा, ओंकारनाथजी गवई. त्यांच्याकडून मिळणार ती गायकी. ती तारेवर कशी उतरवायची, हे शिष्येनंच शोधायचं.

अडचण कुठे येते? गवयाकडे शब्द असतो. ओंकारनाथजींची तर शब्दाच्या उच्चारावर, आवाजाच्या चढउतारावर केवढी भिस्त! व्हायोलिनला शब्द नाही. मग राजम बंदिशीतल्या अक्षराचं वजन गजाच्या दाबावर तोलतात. लांब मींड बोट न उचलता एकाच तारेवर घेतात. गज उलटतो ती जागा कानाला जाणवू देत नाहीत. गाणाऱ्याचा श्वास जिथे संपेल, तिथेच त्यांचं वाक्य संपतं. याला नुसती नक्कल म्हणून चालणार नाही.

पण याची किंमतही आहे. पंडित व्ही. जी. जोग आठवा. गजाचे तुटक आघात, तबल्याशी चाललेली थट्टा, तिहाया! द्रुत लयीत राजम ऐकताना आम्हाला जोगांची उणीव भासते, हे मोकळेपणानं सांगायला हवं. आणि व्हायोलिनवर गायकी त्यांनीच पहिल्यांदा आणली, असंही म्हणू नये. आपल्याकडे गजाननबुवा जोशी स्वतः गवई होते आणि व्हायोलिनही वाजवत होते.

मग राजम यांचं वेगळेपण कशात? आमच्या मते, शिकवण्यात. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अनेक दशकं अध्यापन केलं. घरात मुलगी संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, सगळ्या व्हायोलिनवादक. अशा घरात एक धोका असतोच : शिष्य गुरूची प्रत होऊन बसतो. इथे कला रामनाथ यांच्याकडे पाहा. त्या राजम यांच्या भाची आणि शिष्या. पुढे त्या पंडित जसराज यांच्याकडे शिकल्या आणि त्यांनी मेवाती गायकी व्हायोलिनवर आणली. वाट आत्याचीच, पण पोचल्या दुसऱ्याच गावाला.

आत्यानं नुसती आपली शैली दिली असती तर हे जमलं नसतं. हात उचलण्याआधी गळ्याला विचारायचं, ही सवय त्यांनी दिली. गळा बदलला, तसं वादन बदललं. पद्मभूषण वगैरे मान आपल्या जागी आहेतच. गुरूचं माप मात्र आम्ही या कसोटीवर लावतो. घरी गेल्यावर दोघींचा एकेक आलाप लागोपाठ ऐका, आणि हे पटतंय का, ते तुम्हीच ठरवा.