एल्म भाषेचा संकेतत्याग

इंटरफेसची आज्ञावली प्रतिसादी माहितीप्रवाहाच्या पद्धतीने लिहावी, या मताचे मर्म हिशेबाच्या तक्त्यात सापडते. १९७९ साली निघालेल्या व्हिजिकॅल्कमध्ये एका चौकटीतील आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असणाऱ्या चौकटी आपोआप बदलत. कॉनल एलियट व पॉल हुडॅक यांनी १९९७ साली या दृष्टीस काळाची जोड दिली व बदलते मूल्य हे काळाचे फलन मानले. संबंध समीकरणासारखे लिहावयाचे. क्रम यंत्राने पाहावयाचा.

हा क्रम मात्र पुरस्कर्ते समजतात तितका गौण नाही. खुद्द व्हिजिकॅल्क ओळीच्या किंवा स्तंभाच्या क्रमाने गणना करी. त्यामुळे पुढील चौकटीवर विसंबलेले उत्तर एका फेरीपुरते जुनेच राही. ‘य’ म्हणजे ‘क्ष’ अधिक १, अशी व्याख्या केली तर ‘य’ सदैव मोठा असावयास हवा. परंतु ‘क्ष’ ५ चा ६ झाला आणि ‘य’ अद्याप ६ च आहे, त्या क्षणी हे विधान खोटे ठरते व पडद्यावर चुकीचे दृश्य चमकून जाते. अवलंबनाच्या क्रमाने गणना केल्यास हा दोष दूर होतो, हे मान्य केले पाहिजे.

खरी अडचण स्मृतीची आहे. इव्हान चाप्लिकी यांनी २०१२ साली मांडलेल्या एल्म भाषेत संकेतांचा आलेख स्थिर ठेवला होता. मागाहून जन्मलेल्या संकेतास पूर्वेतिहास लागला, तर सारा भूतकाळ साठवावा लागेल, हे त्याचे कारण. निर्णय शहाणपणाचा होता. पण यादीत नवी ओळ आली की तिच्यापुरता वेगळा संकेत निर्माण करता येईना. साहजिकच लेखक सगळी स्थिती एकाच नोंदीत कोंबू लागले आणि प्रवाह नावापुरता उरला. २०१६ साली ०.१७ या आवृत्तीतून संकेतच काढून टाकण्यात आले. शिकणाऱ्यांची सोय हे कारण तेव्हा पुढे करण्यात आले. ते खोटे नव्हे, पण अर्धे होते. संकेत व्यवहारात त्यापूर्वीच निकामी झाले होते.

तापमानाच्या दोन चौकटी घ्याव्यात, एक सेल्सिअसची, दुसरी फॅरनहाइटची. प्रत्येक चौकट दुसरीवर अवलंबून आहे. म्हणजे आलेखात चक्र आले. शिवाय वापरणाऱ्याने नुसते उणे चिन्ह टाइप केले असता दुसऱ्या चौकटीत काय दिसावे? शेवटी कोणत्या चौकटीत लिहिले गेले, हे ठाऊक असल्यावाचून याचे उत्तर देता येत नाही, आणि रूपांतराच्या समीकरणात ती माहिती कोठेच नाही.