हेरकादंबरीची पहिली आवृत्ती आणि जॅकेटवरील चित्र
इयान फ्लेमिंग यांची 'कॅसिनो रॉयल' ही हेरकादंबरी लंडनच्या जोनाथन केप या संस्थेने १९५३ मध्ये प्रकाशित केली. तिच्या कागदी जॅकेटची कल्पना स्वतः फ्लेमिंग यांचीच होती. पुढे 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'च्या (१९५७) जॅकेटवर चित्रकार रिचर्ड चॉपिंग यांनी रिव्हॉल्व्हर आणि गुलाब एकत्र आणून हिंसा व मोह यांचे नाते सूचित केले. अशा प्रकारे जॅकेट हे कादंबरीवरील पहिले भाष्यच ठरते. अनेक ग्रंथालयांनी मात्र जॅकेटे काढून टाकली. समीक्षेनेही बहुधा संहिताच पाहिली. जॅकेटसह पहिली आवृत्ती जपणाऱ्या संग्राहकाची दृष्टी कित्येकदा किमतीवर असते, हे खरे; तथापि समीक्षेने दुर्लक्षिलेला पुरावा त्याच्याच कपाटात सुरक्षित राहिला, हे मान्य करावे लागते.