किंमतींचीं कोष्टकें आणि नाण्यांची साक्ष

जुन्या ब्रिटिश नाण्यांचा नाद लागलेल्या गृहस्थाच्या मेजावर दुसरें एखादें पुस्तक असो वा नसो, एक असावयाचेंच. नाणीं विकणाऱ्या सीबी या लंडनच्या पेढीनें १९२९ सालीं जी किंमतवार सूची काढली, आणि जी पुढें स्पिंक या पेढीकडे जाऊन आजही दरवर्षीं नव्या किंमतींसह निघते, तें हें पुस्तक. नाण्याची ओळख सांगतांना राजाचें नांव व साल यांच्या जोडीला या सूचींतला अनुक्रमांक सांगण्याची रीत आतां इतकी रुळली आहे कीं, ज्या नाण्यास तो अंक नाहीं त्याचें कुळगोत्रच संशयित मानलें जातें. व्यापाऱ्याच्या यादीचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कां करावें, असा प्रश्न कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, ज्या पुस्तकाचा निवाडा इतके लोक वर्षानुवर्षें शिरसावंद्य मानतात, तें कसेंही लिहिलेलें असलें तरी लोकांची दृष्टि घडवीत असतें. आणि दृष्टि घडविणाऱ्या पुस्तकाकडे टीकाकारानें पाठ फिरवूं नये.

प्रथम या पुस्तकाचे गुण सांगितले पाहिजेत. रोमन लोकांच्या पूर्वींच्या टोळ्यांच्या नाण्यांपासून आजतागायतच्या नाण्यांपर्यंत एवढा अफाट संसार त्यानें आटोपशीर मांडला आहे. छायाचित्रें स्वच्छ आहेत आणि प्रत्येक कारकीर्दीच्या आरंभीं दोनचार ओळींची कां होईना, ऐतिहासिक टीप आहे. शिवाय दिलेले आंकडे हे दुकानदाराच्या विक्रीच्या अंदाजाचे आहेत, ही गोष्ट संपादकांनीं झांकून ठेवलेली नाहीं. आजोबांच्या पेटींत सांपडलेलीं नाणीं घेऊन पेढीवर गेलेला मनुष्य सूचींतल्या किंमतीहून पुष्कळच कमी पैसे हातीं पडतांच पुस्तकाच्या नांवानें बोटें मोडतो. परंतु विकण्याचा भाव आणि विकत घेण्याचा भाव यांतील अंतर आपल्याकडे सराफकट्ट्यावर एकदां जाऊन आलेल्या माणसासही ठाऊक असतें. तो दोष प्रस्तावना न वाचणाराचा.

आमचा आक्षेप किंमतीच्या रकान्यांविषयीं आहे. ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि ‘अनसर्क्युलेटेड’ अशा चढत्या पायऱ्यांनीं हे रकाने मांडलेले असतात. यांतील गंमत अशी कीं, ‘फाइन’ म्हणजे चांगलें नव्हे. बरेंच झिजलेलें पण ओळखूं येणारें नाणें तें ‘फाइन’. आणि सर्वांच्या वरची पायरी ती न चाललेल्या नाण्याची! जें टांकसाळींतून निघून कोणाच्या कनवटीस लागलें नाहीं, ज्यानें भाकरी विकत घेतली नाहीं कीं मजुराची मजुरी फेडली नाहीं, त्याचा मान पहिला. आणि ज्यानें शंभर वर्षें हें सर्व केलें, त्याचा शेवटचा. पहिल्या व शेवटच्या रकान्यांत पुष्कळदां दहापट, वीसपट अंतर पडतें.

यांत कांहींच अर्थ नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. विल्यम वायन यानें कोरलेला १८४७ चा ‘गॉथिक’ क्राउन घ्या. फक्त ८,००० पाडलेल्या या नाण्यावरील तरुण व्हिक्टोरिया राणीच्या वेणीचा पेड न् पेड आणि वस्त्रावरील वेलबुट्टी हीच त्याची शोभा आहे, व ती झिजली तर उरतें काय? तें मुळीं चलनासाठीं पाडलेलें नाणें नव्हेच. ती एक शिल्पकृति आहे आणि शिल्पकृतीची पारख तिच्या अभंगतेवर व्हावी हें रास्तच. परंतु गॉथिक क्राउनाचा मापदंड तिसऱ्या विल्यमच्या शिलिंगास लावला म्हणजे काय होतें, तें पाहण्यासारखें आहे.

१६९६ सालीं इंग्लंडांत रुप्याचें सगळें चलन नव्यानें पाडावें लागलें. हातोड्यानें ठोकलेल्या जुन्या नाण्यांच्या कडा कातरून रुपें चोरण्याचा धंदा इतका बळावला होता कीं, सरकारजमा होणाऱ्या नाण्यांचें वजन सुमारें निम्म्यावर आलें होतें. लंडनच्या टांकसाळीनें काम निभेना, म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच व यॉर्क अशा पांच गांवीं तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या, आणि राजाच्या मुखवट्याखालीं त्या त्या गांवाचें आद्याक्षर घातलें. न्यूटन याच वर्षीं लंडनच्या टांकसाळींत अधिकारी म्हणून आला. धूमकेतूचा हॅली चेस्टरला हिशेब पाहूं लागला. तूट भरून काढण्यासाठीं घरांच्या खिडक्यांवर कर बसला. मे १६९६ नंतर कातरलेलें नाणें करभरण्यांत दर्शनी किंमतीनें घेणें बंद झालें; ज्यांस भरावयास कर होता त्यांनीं मुदतींत आपलीं नाणीं खपविलीं, आणि ज्यांस कर भरण्याइतकी ऐपतच नव्हती त्या गरिबांच्या हातीं कातरलेलें रुपें राहिलें. एवढी उलथापालथ त्या शिलिंगाच्या पोटांत आहे. सूचींत तिचें काय उरतें? एक अक्षर आणि त्यापुढें किंमतींचे आंकडे. एक्झिटरचा दुर्मिळ कीं यॉर्कचा, एवढाच प्रश्न.

पुढची गोष्ट तर सूचींत येऊंच शकत नाहीं. अठराव्या शतकांत लंडनच्या टांकसाळीनें रुपें फारच थोडें पाडलें; त्यामुळें विल्यमचे हे शिलिंग १८१६ च्या सुधारणेपर्यंत, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ, बाजारांत फिरत राहिले. शेवटीं शेवटीं त्यांवर राजा नाहीं, अक्षर नाहीं, साल नाहीं. नुसत्या गुळगुळीत चकत्या. ट्राफल्गार व वॉटर्लू या लढायांच्या काळांतला इंग्रज मजूर अशा चकत्या आठवड्याच्या अखेरीस मोजून घेत असे. त्या काळाच्या नाणेटंचाईचा याहून बोलका पुरावा दुसरा कोणता असेल? पण ‘फाइन’च्याही खालच्या या नाण्यांस सूचींत रकानाच नाहीं, आणि ज्यास रकाना नाहीं तें संग्राहक उचलीत नाहीं.

रकान्यांच्या बाहेरच्या अशाच एका गोष्टीचें उदाहरण दुसऱ्या जॉर्जच्या १७४५ व १७४६ सालांच्या नाण्यांचें. राजाच्या मुखवट्याखालीं ‘लिमा’ हा शब्द आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरूची ही राजधानी इंग्रजी शिलिंगावर कशी आली? पुष्कळ दिवस याचें श्रेय जगप्रदक्षिणा करून स्पॅनिश खजिना लुटून आणणाऱ्या अॅन्सन या दर्यासारंगास दिलें जाई, आणि विक्रेतेही तेंच सांगत; शूर पुरुषाचें नांव जोडलें कीं मालास उठाव येतो. खरा प्रकार असा दिसतो कीं, ‘प्रिन्स फ्रेडरिक’ व ‘ड्यूक’ या दोन खासगी लढाऊ गलबतांनीं १७४५ सालीं पेरूहून परतणारीं दोन फ्रेंच जहाजें पकडलीं, आणि त्यांवरील रुपें टांकसाळीस विकलें गेलें. सरकारी परवान्यानें केलेल्या दर्यावरच्या लुटीची ही पावती राजाच्या नाण्यावर उघडपणें छापली आहे. नाण्याच्या किंमतीचा विचार करणारानें ‘लिमा’ हा शब्द वाचून थांबावें तें येथें, रकान्यांतल्या आंकड्यावर नव्हे.

तांब्याकडे वळलों म्हणजे या सूचीशेजारीं ठेवण्यासारखा एक ग्रंथ सुदैवानें आपणांस मिळतो. सी. विल्सन पेक यांनीं ब्रिटिश म्युझियममधील १५५८ ते १९५८ पर्यंतच्या तांब्याच्या, कथलाच्या व ब्राँझच्या नाण्यांवर लिहिलेला हा ग्रंथ १९६० सालीं निघाला. जाडजूड, रुक्ष आणि पहिल्या वाचनास कंटाळवाणा. पण नाण्याकडे पाहावें कसें हें शिकवावें तर यानेंच. त्याचा उत्तमांत उत्तम भाग आमच्या मतें मॅथ्यू बोल्टन याच्या बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळीसंबंधींचा आहे.

१७७५ नंतर वीसबावीस वर्षें सरकारी टांकसाळीनें तांबें पाडलेंच नाहीं. खोट्या अर्ध्या पेन्यांनीं बाजार भरला, आणि व्यापाऱ्यांनीं आपापलीं खासगी तांब्याचीं टोकनें काढलीं. १७९७ सालीं बोल्टनला सरकारचा मक्ता मिळाला, आणि वाफेच्या यंत्रांवर त्यानें पेनी व दोन पेन्स हीं दोन नाणीं पाडलीं. पेनी बरोबर एक औंसाची, ३६ मिलिमीटर रुंद. दोन पेन्सचें नाणें दोन औंसांचें, ४१ मिलिमीटर रुंद. रुंद उंच कडेंत अक्षरें खोल खोदलेलीं, मध्यें हातांत त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया. लोकांनीं त्यास ‘गाडीचें चाक’ म्हटलें तें यथार्थ आहे. पेन्या ४,३९,६९,२०४ निघाल्या व दोन पेन्स ७,२२,१८०. जेवढ्याचें नाणें तेवढ्याच मोलाचें तांबें त्यांत असावें हा त्यामागचा सचोटीचा हेतु. पण तांबें महागतांच तोच हेतु नाण्याच्या मुळावर आला, आणि कित्येक चाकें भट्टींत गेलीं. १८०६ ची पेनी एका पौंडांत १६ ऐवजीं २४ बसतील इतकी हलकी करावी लागली.

याच बोल्टननें १७९१ पासून मुंबई इलाख्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीचे तांब्याचे पैसे पाडले होते. एका बाजूस कंपनीचा गठ्ठ्यांवर मारावयाचा शिक्का आणि दुसरीकडे तराजू व त्यामध्यें फारसी लिपींत ‘अदल’, म्हणजे न्याय्य, हा शब्द. वाफेनें पाडलेलें नाणें लंडनच्या बाजारास मिळण्यापूर्वीं सहा वर्षें तें मुंबईसाठीं निघालें होतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटावी.

आतां पेक यांची मातब्बरी. सोहोची टांकसाळ मोडली तेव्हां टेलर नांवाच्या लंडनच्या एका ठसेकोरणाऱ्यानें तिथले जुने ठसे मिळविले, आणि कित्येक दशकांनंतर त्यांवरून संग्राहकांसाठीं नवीं नाणीं पाडलीं. ठसे तेच, साल तेंच. शिवाय नाणीं झळझळीत, कोऱ्या अवस्थेंतलीं. रकान्याच्या न्यायानें हीं सर्वांच्या वर बसावयाचीं! पेक यांनीं ठशांवरच्या गंजाच्या पुटकुळ्या, चिरा व दुरुस्त्या एकामागून एक लावून आधीं पाडलेलें कोणतें, सोहोचेंच पण उशिराचें कोणतें आणि टेलरचें कोणतें, याची निवड केली. निष्कलंक नाणें हा पुष्कळदां खोटा साक्षीदार असतो, हें त्यांनीं न बोलतां सिद्ध केलें. टोकनांच्या बाबतींतही हेंच घडलें होतें. १७९० नंतर त्यांचा संग्रह करण्याची लाट येतांच कारखानदारांनीं एकाची पुढची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूस जोडून मुद्दाम ‘दुर्मिळ’ टोकनें बनविलीं, आणि हौशी मंडळींनीं तीं पैसे मोजून घेतलीं. बाजारांत कधींच न चाललेलीं तीं टोकनें आज फार चांगल्या स्थितींत मिळतात, यांत नवल नाहीं.

हा वाद नुसत्या रुचीचा असता तर आम्हीं एवढा वेळ घेतला नसता. ब्रिटिश रुप्याच्या नाण्यांत १९२० पर्यंत हजारांत ९२५ भाग रुपें होतें. त्या वर्षीं तें ५०० वर आलें, आणि १९४७ पासून चलनी नाण्यांतून रुपें नाहींसेंच झालें. म्हणजे झिजलेल्या जुन्या शिलिंगास सूचीची किंमत असो वा नसो, धातूची किंमत असतेच. १९८० च्या जानेवारींत चांदीचा भाव एकाएकी गगनास भिडला, तेव्हां असंख्य जुनीं नाणीं मुशींत गेलीं. तीं कोणतीं, हें सांगावयास नको. ज्यांची सूचींतली किंमत धातूच्या किंमतीहून कमी, तींच. रकान्यानें ज्यास हलकें ठरविलें त्यास भट्टीनें नेलें. अशा नाण्यांच्या ढिगांतूनच कोणत्या काळीं चलन किती वेगानें झिजलें याचें मोजमाप होऊं शकतें. कोऱ्या नाण्यांच्या पेट्या कितीही भरल्या तरी त्यांवरून तें होणार नाहीं.

असें असलें तरी झीज व नासाडी एक नव्हेत, हें सूचीच्या बाजूनें सांगणें प्राप्त आहे. आमचे एक स्नेही इंग्लंडांतील नोकरी संपवून परत येतांना १७९७ ची एक पेनी घेऊन आले. तिच्यावर दोन शतकांचा काळसर तपकिरी रंग चढला होता. घरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांच्या संवयीनें त्यांनीं ती चिंच लावून लख्ख घासली, आणि मोठ्या कौतुकानें आमच्या हातीं ठेविली. हजार हातांनीं जें पुसलें नव्हतें तें एका सकाळीं गेलें होतें. गुलाबी, उघडें पडलेलें तांबें. जॉर्ज राजाच्या केसांच्या कडा बोथटलेल्या, आणि जमिनीवर पडून कडेस पूर्वींच आलेले दोन पोचे मात्र जसेच्या तसे. अशा नाण्याची किंमत कोणताही विक्रेता पाडून सांगेल, आणि तें बरोबरच आहे; हातांची झीज हा नाण्याचा इतिहास आहे, चिंचेची झीज हा इतिहास पुसण्याचा प्रकार आहे.

तिची किंमत काय येईल, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं ती ओळखीच्या सोनाराकडे नेऊन वजन करविली. मूळचें वजन २८ ग्रॅमांहून थोडें अधिक. कांटा २७ च्या जरा पुढें थांबला. तो उणा ग्रॅम बाजारांत किती गेला आणि चिंचेंत किती, याचा हिशेब आम्हांस अजून लागलेला नाहीं. स्नेह्यांनीं ती पेनी पुनः कागदांत गुंडाळली आणि, आतां तिला हात लावणार नाहीं, असें सांगून खिशांत टाकली.