टेबलावरचा गोळा

'स्टार ट्रेक'च्या 'द डेव्हिल इन द डार्क' या भागाच्या सुरुवातीला मालिकेतलं ओळखीचं कुणीच दिसत नाही. ना कॅप्टन कर्क, ना स्पॉक, ना त्यांचं यान. जेनस सहा नावाच्या ग्रहावरची खाण, अंधारा बोगदा आणि पहाऱ्यावर ठेवलेला एक घाबरलेला माणूस. त्याला धीर देऊन साहेब निघून जातात. थोड्याच वेळात किंकाळी ऐकू येते. लोक धावत येईपर्यंत त्याचा कोळसा झालेला असतो. मारणारं जनावर आपल्याला दाखवलेलंच नाही. लेखक जीन कून यांना आधी आपल्याला खाणकामगारांच्या बाजूनं घाबरवायचं आहे, आणि तेवढं काम ते श्रेयनामावली लागायच्या आतच उरकतात.

मूळ 'स्टार ट्रेक' अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली, एकूण ७९ भाग. हा भाग ९ मार्च १९६७चा. मी ही मालिका आता, पहिल्यांदाच पाहतो आहे. तिच्यावरून बेतलेलं इतकं काही आपण आधीच पाहून बसलेलो असतो, की मूळ मालिकाच नकलेसारखी वाटू लागते. त्यात तिचा गरीब संसार. या खाणीतल्या बोगद्यांची जमीन बघा: भिंती खडबडीत, छत ओबडधोबड, पण खालची फरशी स्टुडिओत असते तशी सपाट आणि गुळगुळीत. बोगदे अ‍ॅसिडनं वितळवून कोरले आहेत असं पुढे कळतं, तेव्हा निदान आपल्यापुरतं एक निमित्त मिळतं.

(ज्यांना हा भाग पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे मी सगळं सांगून टाकणार आहे.)

या भागाची खरी करामत खाणप्रमुखाच्या टेबलावर ठेवलेली आहे. व्हँडरबर्ग हा तिथला मुख्य. पन्नासेक माणसं गेलेली, काम ठप्प, वरून खनिजाचा तगादा. तो तावातावानं बोलत असतो आणि स्पॉक मात्र टेबलावरचा एक गोल दगड उचलून न्याहाळतो. हे काय, असं विचारतो. सिलिकॉनचा गोळा आहे, खाली असे ढिगानं सापडतात, काही किमतीचे नाहीत, असं उत्तर येतं आणि बोलणं पुढे सरकतं. नवी पातळी उघडली तेव्हा हे गोळे निघाले आणि तेव्हापासूनच माणसं मरायला लागली, या दोन गोष्टी आपल्या कानावर वेगवेगळ्या पडतात. जोडायचं काम आपलं. मी तरी जोडल्या नाहीत. मी जनावर कधी दिसतं याची वाट बघत होतो. ते गोळे म्हणजे त्या जनावराची अंडी. व्हँडरबर्गनं एका आईचं अंडं शोभेची वस्तू म्हणून समोर ठेवलं आहे आणि त्याच टेबलामागून तो तिला राक्षस म्हणतो आहे.

जनावर दिसतं तेव्हा, खरं सांगायचं तर, हसू येतं. हे जनावर, हॉर्टा, म्हणजे कुणीतरी जुनी गोधडी पांघरून रांगतंय असं ध्यान. आत यानोश प्रोहास्का नावाचा कसबी नट आहे. पोशाख आधी तयार होता आणि कून यांनी तो पाहून कथा मागाहून लिहिली, अशी हकिगत सांगितली जाते. खरी असो वा नसो, पटण्यासारखी आहे, कारण कथा त्या पोशाखाच्या मर्यादा ओळखून रचलेली आहे. हॉर्टाला चेहरा नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. तिच्याकडे बघून दया यावी असं काही म्हणजे काही नाही. दया उत्पन्न करायची ती दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर.

त्याआधी एक सुरेख उलटापालट आहे. सुरुवातीला स्पॉक म्हणतो, हा प्राणी आपल्या जातीतला शेवटचा असेल तर त्याला मारणं हा विज्ञानाचा अपराध ठरेल. कर्क ठाम असतो: दिसेल तिथे मारा. मग दरड कोसळून दोघांची ताटातूट होते. कर्क एकटा, समोर हॉर्टा. ती हल्ला करत नाही, तोही करत नाही. आणि आता पलीकडून स्पॉकच कळवळून सांगतो की ताबडतोब मार तिला. मित्राचा जीव धोक्यात येताच त्याचं तत्त्व मागे पडतं, आणि प्राणी डोळ्यांसमोर येताच कर्कचा राग मागे पडतो. दोघांपैकी कुणीही आपण मत बदललं असं बोलून दाखवत नाही. आजची एखादी मालिका असती तर यावर दोन संवाद खर्ची पडले असते.

मग स्पॉक हॉर्टाच्या मनाशी मन जोडतो. स्पॉकचं काम करणारा लिओनार्ड निमॉय गुडघ्यावर बसून त्या रबरी ढिगाला हात लावतो आणि वेदनेनं ओरडू लागतो. हसं व्हायला एवढं पुरे होतं. होत नाही, याचं कारण स्पॉकची घडण. भावना दाबून टाकणारा हा माणूस; तो रडतो तेव्हा ते रडणं त्याचं नसणार, हे आपल्याला आपोआप कळतं. चेहरा नसलेल्या आईला या कोरड्या माणसाचा चेहरा उसना मिळतो. या अख्ख्या भागात एकाही स्त्रीपात्राला संवाद नाही. बोलते ती एकटी हॉर्टा, आणि तीही एका पुरुषाच्या गळ्यातून. दर पन्नास हजार वर्षांनी तिची सगळी जात मरते, एक मागे उरते, अंडी राखायला. ती ही.

याच भागाचं चित्रीकरण चालू असताना विल्यम शॅटनर, म्हणजे आपला कर्क, याचे वडील वारले. तो अंत्यसंस्काराला गेला, आणि काही शॉटमध्ये त्याच्या जागी पाठमोरा बदली माणूस उभा आहे. हे कळल्यावर मन जोडण्याचा तो प्रसंग पुन्हा पाहवत नाही, आणि पाहिल्याशिवाय राहवतही नाही.

यानावरचा डॉक्टर मॅकॉय येतो आणि वातावरण सैल होतं. जखमी झालेल्या या दगडी प्राण्यावर उपचार करायला सांगितल्यावर आपण डॉक्टर आहोत, गवंडी नव्हे, असं तो फणकारतो आणि मग निमूट थापी घेऊन जखमेत काँक्रीट भरतो. जखम भरते. स्वतःवरच तो इतका खूश होतो की सांगायची सोय नाही.

शेवट मात्र मला खटकतो. हॉर्टाची पिल्लं बोगदे खणतील, माणसांनी खनिज उचलायचं, असा तह होतो. काठ्या घेऊन हॉर्टाला मारायला आलेले कामगार पाहता पाहता खूश. व्हँडरबर्गच्या तोंडावर तर श्रीमंतीचं तेज. कामगारांनी फोडलेल्या अंड्यांचा हिशोब कुणी विचारत नाही, आणि मेलेल्या पन्नास माणसांचाही. ही पिल्लं खनिजाच्या कामी आली नसती तर त्या काठ्या खाली आल्या असत्या का? कून हा प्रश्न टाळतात. पन्नासेक मिनिटांच्या करमणुकीत हे चालायचंच, असं म्हणता येईल. पण टेबलावर अंडं ठेवण्याइतकं धारिष्ट ज्या लेखकात आहे, त्याच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती.

तरीही या भागाचं मोल कळायला मालिकेचा सर्वांत आधी प्रसारित झालेला, ८ सप्टेंबर १९६६चा 'द मॅन ट्रॅप' शेजारी ठेवून बघावा. तिथेही आपल्या जातीतला शेवटचा प्राणी आहे, मिठासाठी माणसं मारणारा. तिथे मॅकॉयच त्याला गोळी घालतो, आणि कर्क शेवटी खिन्न होऊन बसतो, एवढंच. सहा महिन्यांत त्याच मालिकेनं तोच प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि डॉक्टरच्या हातात बंदुकीऐवजी थापी दिली. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी ७९ भागांची धास्ती घेऊ नये. हे दोन पाहा, प्रसारणाच्याच क्रमानं.