नाथांची शोधक भक्ति

हिंदु धर्मविचाराचा इतिहास सांगतांना प्रथम यज्ञ, मग उपनिषदांतील ज्ञान आणि शेवटीं भक्ति, अशी एक शिडी उभी करण्याचा परिपाठ आपल्याकडे पडला आहे. पुढची पायरी चढतांच मागची निरुपयोगी झाली, असें या मांडणींत गृहीत असतें. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) जिल्ह्यांतील पैठणचे संत एकनाथ यांचें कार्य पाहिलें म्हणजे ही शिडी टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

नाथ सोळाव्या शतकांतले. कुलाचार त्यांनीं सोडला नाहीं. परंतु श्राद्धाचें अन्न त्यांनीं अस्पृश्यांस वाढल्याची कथा महाराष्ट्र आजहि सांगतो. म्हणजे कर्म राहिलें, त्याचा अर्थ मात्र पालटला. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची मराठी टीका १५७३ सालीं काशींत पूर्ण झाली. तींत वेदान्त आहे आणि नामस्मरणहि आहे. तोच वेदान्त त्यांनीं भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या तोंडीं घातला.

त्यांचें खरें वैशिष्ट्य मात्र आम्हांस आणखी एका कामांत दिसतें. ज्ञानेश्वरी नेवासें येथें १२९० सालीं सिद्ध झाली. पुढील सुमारें तीनशें वर्षांत नकला होतां होतां तींत अपपाठ शिरले. नाथांनीं प्रती ताडून पाहिल्या आणि १५८४ सालीं शुद्ध प्रत तयार केली. शिवाय तींत कोणीं आपली ओवी घालूं नये, असें शेवटीं बजाविलें. पूज्य ग्रंथास हात लावूं नये, ही एक श्रद्धा झाली. ग्रंथ पूज्य आहे म्हणूनच त्याचें मूळ रूप शोधावें, ही नाथांची श्रद्धा. येथें भक्तीनें ज्ञानाला निरोप दिला नाहीं. त्याला कामाला लावलें.

तथापि केवळ स्तवन करून भागणार नाहीं. कोणता पाठ कां सोडला, याची कारणें नाथांनीं नोंदून ठेविलीं नाहींत. आणि घरोघरीं वाचली जाणारी ज्ञानेश्वरी बहुतांशीं त्यांच्याच निवडीवर उभी आहे. वि. का. राजवाडे यांनीं १९०९ सालीं एक निराळी प्रत छापली व ती नाथपूर्व असल्याचें प्रतिपादिलें. त्यावर विद्वानांत मतभेद झाले. अशा वादानें भाविकांनीं अस्वस्थ होण्याचें कारण नाहीं. प्रती ताडून पाहणें हा नाथांचाच मार्ग होय. तो त्यांच्या प्रतीला लावला, तर त्यांत त्यांचा अवमान कसा?

तहानलेल्या गाढवाला गंगोदक पाजणारे नाथ आपण मुलांना सांगतों, आणि तें योग्यच आहे. देवगिरीस गुरु जनार्दनस्वामींच्या हिशेबांतील एका पैची चूक शोधण्यासाठीं ते रात्रभर जागले, हीहि कथा आपण सांगतों. परंतु ती एकाग्रतेचा धडा म्हणून सांगून थांबतों. तीच नजर पुढें ज्ञानेश्वरीच्या ओळीओळीवरून फिरली, हें मुलांना सांगितल्यावांचून नाथांची ओळख पुरी होत नाहीं.