शिक्क्याखालचे 'इंधन'

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कथावाचनाला गेलो होतो. सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'पुरोगामी मुस्लिम लेखक' अशी करून दिली. कथा होती अम्मीच्या शेळीची. वाचन संपले आणि पहिला प्रश्न आला तो तलाकबद्दल! शेळीचे पुढे काय झाले, हे कुणालाच विचारावेसे वाटले नाही. पुरोगामी ही काही शिवी नव्हे. मग मला राग का आला? परतताना एस.टी.त हमीद दलवाई आठवले.

१८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला. तेव्हापासून आपल्यातल्या अनेकांनी त्यांना धर्मबुडवे ठरवले, बाहेरच्यांनी 'राष्ट्रवादी मुसलमान' म्हणून डोक्यावर घेतले. या कौतुकाच्या पोटात बाकीच्यांविषयीचा संशय दडलेला आहे, हे सांगायला नकोच. पण दोन्ही शिक्क्यांची सोय एकच. धर्मबुडव्याला उत्तर द्यावे लागत नाही, त्यामुळे तलाक मिळालेल्या बाईचा प्रश्न तसाच राहतो. आणि 'आपला' मुसलमान सापडला की टाळ्या वाजवून घरी जाता येते. स्वतःच्या आळीकडे बघावे लागत नाही.

नुकसान झाले ते 'इंधन'चे. १९६५ची ही कादंबरी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची प्रस्तावना असल्यासारखी वाचली जाते. मंडळ निघाले १९७० साली! आजारातून उठून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक, घरातले ताण, जमिनीबरोबर ओसरत चाललेला जुना दबदबा, आणि एका संबंधाचे निमित्त होऊन पेटणारे गाव. यात निर्दोष कुणीच नाही, निवेदकसुद्धा. सगळे दिसते आहे आणि हातून काहीच थांबत नाही, ही त्याची घुसमट कुठल्या वादात बसवणार? 'लाट'मधल्या कथांची तर आठवणही फारशी निघत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तेव्हा दलवाईंचे नाव पुन्हा सगळीकडे निघाले. 'इंधन'चे नाव निदान माझ्या कानावर आले नाही.

अर्थात दलवाईंनाही नावाचे वावडे नव्हते. 'सत्यशोधक' हा शब्द त्यांनी जोतीराव फुल्यांकडून आपण होऊन घेतला. शिवाय त्यांच्या राजकीय लेखनात 'जमातवादी' हा शब्द मला फार सैल वाटतो. नुसत्या भाविकालाही तो अधूनमधून लागतो. त्या भाविकाला राग आला, तर तो माझ्या एस.टी.तल्या रागाहून वेगळा कसा म्हणावा? त्याचेही बोलणे पुरे व्हायच्या आत त्याचे नाव ठरून गेले होते.

आपण तरी कुठे मोकळे आहोत? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. साहित्याला धर्म कसला, असे तेव्हाही विचारले गेले आणि अजूनही विचारले जाते. हे नाव आपण स्वतः घेतले, कारण मराठी ही आपल्या घरातली भाषा आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हते. आता ते आले आहे म्हणावे, तर या नावाखाली मी शेळीची कथा छापायला देतो तेव्हा संपादक विचारतात, 'समाजप्रश्नावर काही नाही का?'