माणूस खरा, पण पात्र खोटे!

कथा लिहिण्याची खोड मला फार वर्षांपूर्वी लागली होती. ती पुढे सुटली, आणि सुटली ते बरेच झाले, असे माझे स्नेही म्हणतात. पण त्या दिवसांतली एक फजिती मी अजून विसरलेलो नाही. कथेतली माणसे खरी का वाटतात आणि का वाटत नाहीत, याविषयी मला जे थोडेफार कळले, ते टीकेच्या जाड ग्रंथांपेक्षा त्या फजितीतूनच अधिक कळले.

मी माझ्या काकांवर एक कथा लिहिली होती. काका मोठ्या मनाचे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, तरी दारी आलेला कोणी उपाशी परतला नाही. दिवाळीत आळीतल्या २१ घरी फराळाची ताटे जात, आणि ती पोचवण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. हे सगळे मी जसेच्या तसे लिहिले. नाव तेवढे बदलले. एका दिवाळी अंकात कथा छापून आली, तेव्हा अंक घेऊन मी आईकडे धावलो. तिने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "छान आहे. पण हा कोण रे?"

"अगं, आपले काका!"

"भाऊजी? छे!" असे म्हणून ती पुन्हा चकलीच्या भाजणीकडे वळली.

मला राग आला. कथेत एक अक्षर खोटे नव्हते. नवा लेखक टीकाकाराशी भांडताना नेहमी जे म्हणतो, तेच मीही म्हणालो : "पण हे असेच घडले आहे!" घडले होते हे खरेच. मग माझा खरा माणूस कागदावर येताच खोटा का झाला?

वाचकहो, याचे उत्तर शोधताना मराठी घरांत ज्या बाईला सगळेच ओळखतात, तिच्याकडे आधी पाहू. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आईची थोरवी सांगावी हाच पुस्तकाचा हेतू, आणि तो गुरुजींनी लपवलेला नाही. अशा पुस्तकातली आई एरवी भिंतीवरची तसबीर व्हायची : हार घालावा, हात जोडावेत आणि कामाला लागावे. पण पोहायला जायच्या भीतीने लपलेल्या श्यामला हीच आई शिंपटीने झोडपते, आणि मागाहून त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. भक्तीने लिहिणाऱ्या मुलाला ते फटके गाळणे सोपे होते. ते गाळले असते, तर श्यामची आई आपल्यापैकी कोणाचीच आई झाली नसती. मुलगा भित्रा म्हणवला जाऊ नये ही जी तळमळ हात उगारते, तीच तळमळ वळांवरून हात फिरवते. मारणे आणि कुरवाळणे ही दोन टोके नव्हेत. मूळ एकच आहे.

प्रेम जसे लेखकाला आंधळे करते, तसाच संतापही करतो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः आली. त्यातली यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. नवरा तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईत चार दिवस सुखाचे जातात, आणि तो गेल्यावर तिच्यावर केशवपनाची जबरदस्ती होते. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, ती चालही गेली, तरी यमू जुनी होत नाही. पण त्याच पुस्तकातले शंकरमामंजी पाहा. बाहेर धर्माचा आव आणि आत स्वार्थ. ते पानावर आले की पुढे काय होणार हे आपण ओळखतो. हरिभाऊंचा संताप न्याय्य होता, हे मी मान्य करतो. पण मामंजींना आपण धिक्कारतो आणि पुस्तक मिटतो. यमू मात्र मनात येऊन बसते. मामंजी एकदा तरी आपल्याला चकवते, तर ते अधिक भयंकर वाटले असते, असे मला वाटते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) असे चकवणारा एक म्हातारा आहे : गावचा कारभारी. नवख्या, पोरसवदा मास्तराला तोच हात देतो. त्याच्या शब्दावर शाळा उभी राहते. आणि तोच, लेकीच्या, अंजीच्या, चोळीचे निमित्त होताच मास्तराविषयी मनात किंतू धरून बसतो. मास्तराइतकेच आपणही दुखावतो, पण 'हे खोटे' असे म्हणत नाही. ज्याने गावाची अब्रू आपल्या खांद्यावर घेतली आहे, तो शाळेसाठी उभा राहणारच आणि लेकीच्या बाबतीत बिथरणारही. माडगूळकर त्याची तरफदारी करीत नाहीत, त्याला दोषही देत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, 'मग काय, सज्जनाला एखादे व्यसन आणि दुर्जनाला एखादे मांजर पाळायला दिले, की झाले!' नव्या कथांत असे पुष्कळ दिसते. भाजीत मीठ टाकावे तसे चिमूटभर दोष वरून टाकलेले असतात. त्याने पात्र जिवंत होत नाही. दोष मात्र वायफळ जातो. गुण आणि दोष यांना एकच मूळ आहे हे लेखकाला सापडावे लागते, आणि सापडले की ते सांगण्याचे धैर्य लागते. आपल्या लाडक्या माणसाविषयी हे धैर्य दाखवणे सर्वांत कठीण.

माझ्यापाशी ते नव्हते. मी काय गाळले होते ते आता सांगतो. काका मोजत असत. २१ ताटे जात, पण प्रत्येक ताटात करंज्या किती, चकल्या किती, हे ते स्वतः मोजून ठेवीत. पंगतीत कोणी किती पोळ्या खाल्ल्या हे त्यांना तोंडपाठ असे, आणि कधीकधी ते बोलूनही दाखवीत. आम्हां मुलांना मेल्याहून मेल्यासारखे होई. मला त्याची लाज वाटे, म्हणून कथेतून मी ते पुसून टाकले. लहानपणी काका वार लावून जेवले होते, सात दिवस सात घरी, हे मला ठाऊक होते. पण ती भूक, ती ताटे आणि तो हिशेब यांचे नाते मी कधी जुळवलेच नव्हते. दुसऱ्याच्या घरी आपल्या पोळ्या कोणी तरी मोजतो आहे, या धास्तीत वाढलेला मुलगा मोठेपणी सर्वांना वाढतो, आणि मोजतोही.

पुढच्या वर्षी मी ती कथा पुन्हा लिहिली. ती कोठे छापली नाही; काका तेव्हा हयात होते, आणि त्यांना वाचवली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. फक्त आईला वाचून दाखवली. मोजण्याचा प्रसंग आला तेव्हा ती हसली, वार लावण्याचा आला तेव्हा गप्प झाली. मी कागद खाली ठेवले.

"आत्ता भाऊजी आले," ती म्हणाली.